आहेराची रात्र

"पाणी आलं!" हर्षदा मागच्या अंगणातून ओरडली, तेव्हा मी चुलीपुढे होते आणि मला वाटलं टँकर आला. तरसवाडीत जन्मलेल्या माणसाचे पाय अशा वेळी डोक्याला विचारत बसत नाहीत. मी कळशी उचलून थेट रस्त्यावर धावले. रस्त्यावर शेळ्यांशिवाय कुणी नव्हतं. धापा टाकत परत आले तर माझी धाकटी बहीण एका काळ्या घोंगडीसमोर उकिडवी बसली होती, आणि ती घोंगडी स्वतःच्या मागावर विणणारे आमचे आप्पा कमरेवर हात ठेवून तिच्याकडे संशयानं बघत होते.

घोंगडी दोन बांबूंमध्ये ताणून उभी केली होती. तिच्यावरून पारदर्शक प्लास्टिकचं आवरण सोडलं होतं, मच्छरदाणी सोडतात तसं. सूर्य कासराभर वर आला होता. आवरणाला आतून वाफ धरली होती. वाफेचे थेंब, थेंबांचे ओघळ, आणि ओघळ खालच्या पन्हळीतून तांब्यात टपटपत होते. आदल्या रात्री ती घोंगडी कोरडी ठणठणीत होती, मी स्वतः हात लावून पाहिली होती. तिच्यावर कुणी पाणी ओतलं नव्हतं. ओतायला आमच्याकडे होतं कुठं?

"प्या आप्पा," हर्षदानं तांब्या पुढे केला.

"आदी तू पी. तू केलंयस."

"आप्पा, पुण्याला लॅबमध्ये तपासलंय मी. एकदम स्वच्छ हाय."

आप्पांनी डोळे मिटून घोट घेतला, तोंडात घोळवला. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या.

"मेंढराचा वास येतोय," आप्पा म्हणाले, आणि उरलेला तांब्या एका दमात रिकामा केला. मग तोंड पुसायच्या निमित्तानं त्यांनी डोळेही पुसले. मी आणि हर्षदा एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या नाचलो की शेजारच्या काकू "काय झालं गं, कुणाचं ठरलं?" म्हणत धावत आल्या.

मी खालच्या करंजओढ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. तेच माझं सासर. त्या दिवाळीला माहेरी आले होते म्हणून हे डोळ्यांनी पाहायला मिळालं, आणि खरं सांगते, पाहिलं त्यानंतर आठवडाभर मला स्वतःची लाज वाटत होती. हवा तापली की तिच्यात वाफ जास्त मावते, हे मी दर वर्षी पोरांना घोकून घ्यायचे. आमच्या माणदेशात पूर्वी पाऊस कमी का होईना, रीतसर यायचा म्हणतात. आमच्या पिढीनं पाहिलेला पाऊस चार दिवसांत वर्षाचा कोटा उरकतो, जाताना माती घेऊन जातो, आणि मग वर्षभर तोंड दाखवत नाही. विहिरी आटल्या, बोअर आटले. पण हवा तर तापतच होती. म्हणजे पाणी आमच्या डोक्यावरून रोज रात्री वाहत होतं आणि आम्ही खाली रिकाम्या कळश्या घेऊन भांडत होतो. हे फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंच्या डोक्यात कधी आलं नाही. हर्षदाच्या आलं.

ती प्रयोगशाळेत एका जातीच्या भुकटीवर काम करायची. भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे बारीक बारीक खोल्यांची चाळ. चिमूटभर भुकटीतल्या सगळ्या खोल्यांच्या भिंती उलगडून अंथरल्या, तर एक अख्खं वावर झाकलं जाईल. रात्रीच्या गार हवेतली वाफ त्या भिंतींना चिकटून बसते, आणि सकाळी ऊन लागलं की सुटते. वीज लागत नाही. अडचण एवढीच होती की भुकटी ठेवायची कशावर. काचेचे धागे झाले, प्लास्टिकची जाळी झाली, परदेशी मऊ लोकर झाली. कशातून वारा जाईना, कशावर भुकटी टिकेना. शेवटी एक दिवस चिडून तिनं होस्टेलच्या खाटेवरची आप्पांची घोंगडी कात्रीनं कापली.

आमच्याकडच्या मेंढीची लोकर म्हणजे नुसती राठ. अंगावर घेतली की टोचते, म्हणून बाजारात तिला कुणी विचारत नव्हतं. धनगर मंडळी मेंढ्या कातरून लोकर ओढ्यात फेकून द्यायची. पण याच राठपणामुळे वीण विरळ राहते आणि वारा आरपार जातो. लोकरीचा तंतू मुळातच हवेतली ओल पितो, त्यामुळे भुकटीचे कण त्याच्या आतच वाढवता आले. आणि आमच्या मेंढ्या काळ्या. काळ्यावर ऊन पडलं की ते तापणारच.

"म्हणजे देवानं मेंढी केली ती हुशार होती, आमीच येडे," असं आप्पा म्हणाले आणि बंद पडलेल्या मागाची धूळ झटकायला लागले. चिंचोक्याची खळ लावायची नाही, असं हर्षदानं त्यांना दहादा बजावलं होतं. पण घोंगडीला खळ न लावता हातावेगळी करणं त्यांना लग्नात नवरदेवाला बिनफेट्याचा उभा करण्यासारखं वाटलं असणार. त्यांनी हळूच लावली. पहिल्या चार घोंगड्या कोरड्याच राहिल्या. खळीनं सगळ्या खोल्यांची दारं लिंपून टाकली होती. बाप-लेकीचं त्यावरून जे भांडण झालं ते मी खाली करंजओढ्यात फोनवर ऐकलं, आणि फोन बंद करूनही ऐकू आलं असतं.

पण नंतर जमलं, आणि जमलं म्हणजे काय जमलं! तीन-चार वर्षांत तरसवाडीच्या कड्यावर काळ्या घोंगड्यांची रांग उभी राहिली. घरटी टाकी आली. टँकरचा रस्ता गवतानं भरला. गावात सात माग लागले. ज्या गावाला "तिथं पोरगी देऊन काय तिला हंड्यात घालायची?" असं म्हणून अख्खा तालुका नाक मुरडायचा, त्या गावात लग्नाचे मांडव पडायला लागले. तिशी उलटलेली, पस्तिशीला टेकलेली पोरं एकापाठोपाठ एक बोहल्यावर चढली. आणि मुली आल्या कुठून? उताराखालच्या गावांतून, बहुतेक आमच्या करंजओढ्यातूनच.

पहिलं लग्न माझ्या नणंदेचं, स्नेहलचं. मध्यस्थी मीच केली, त्यामुळे जबाबदारीही माझी. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, आहेराच्या गोष्टीला बसल्या आणि त्यांनी मांडीवर थाप मारली.

"साड्या नगं, भांडी नगं. माजी पोरगी टँकरच्या रांगंत उभी ऱ्हानार न्हाई. पाच घोंगड्या द्या तिला. तिच्या दारात तिचं पानी."

माझा नवरा सुयोग आप्पांकडे जाऊन पाच घोंगड्या घेऊन आला. मांडवात त्या वाजत-गाजत फिरवल्या. सगळ्यांनी पाहिल्या. पुढच्या लग्नात मुलीच्या बापानं सात दिल्या. त्याच्या पुढच्यानं अकरा. मामा, काका, मावश्या यांचे वेगळे. कुणी मागे राहायला तयार नाही. सुनेच्या माहेराची पत तिच्या अंगणातल्या घोंगड्यांवर मोजायला लागली, आणि मी त्या प्रत्येक लग्नात जेवून, फोटो काढून घेऊन, खूश होऊन परत आले.

हर्षदानं सुरुवातीलाच गणित मांडून ग्रामपंचायतीला सांगितलं होतं, कड्यावर पाचशेच्या वर घोंगड्या नकोत. सरपंच जालिंदरतात्यांनी ते मान्य केलं आणि पाळलंही. पंचायतीच्या घोंगड्या साडेचारशेच्या वर कधी गेल्या नाहीत.

* * *

आता आंब म्हणजे काय ते सांगते, ज्यांना ठाऊक आहे त्यांनी दोन ओळी सोडाव्यात. हरभऱ्याच्या पानावर बारीक लव असते आणि तिच्यातून आंबट रस पाझरतो. थंडीत संध्याकाळी पिकावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरायचं. रात्रभर दव पडतं, तो रस दवात उतरतो, फडकं चिंब होतं. सकाळी ते वाटीत पिळायचं. ती आंब. पोटदुखीवर तिच्यासारखं औषध नाही असं आत्याबाईंचं म्हणणं, आणि त्यांच्या हातची आंब न्यायला चार गावांची माणसं यायची.

त्या मार्गशीर्षात एका सकाळी आत्याबाई वावरातून रिकामी वाटी घेऊन आल्या.

"कुनीतरी पिळून नेली," त्यांनी जाहीर केलं.

"आत्याबाई, आंब कोण चोरतंय?"

"मग फडकं कोरडं कसं?"

दुसऱ्या दिवशी त्या पहाटेपासून राखणीला बसल्या. चोर आला नाही, पण फडकं कोरडंच. मग बियाण्याच्या दुकानदाराचा उद्धार झाला. मग माझा. "काल तू अंथरलंस. तुज्या हाताला गुन न्हाई." मी गप्प बसले, कारण त्यांना उलट बोलून मी आजवर एकदाही जिंकलेले नाही. पण सुयोग मला बांधावर घेऊन गेला आणि त्यानं शाळूचं पान हातात दिलं. भर थंडीत पानाची सुरळी झाली होती.

"पाऊस गेला तरी दवानं सांभाळलं होतं आपल्याला," तो म्हणाला. "आता दवबी गेलं तर इथं काय करायचं गं? पोरीला घेऊन शहर गाठायचं?"

आमच्या काळ्या रानात शाळू आणि हरभरा ही दोन पिकं जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर पोसतात. त्यांना दुसरं पाणी मिळत नाही. दव गेलं की करंजओढा गेला. इतकी साधी गोष्ट होती आणि कारण कुणालाच कळत नव्हतं.

मग तरसवाडीत बिरोबाची जत्रा आली. देवळापुढचा माळ ढोल खेळायला आणि अंगणं पाहुण्यांना मोकळी हवीत, म्हणून गावानं दोन दिवस सगळ्या घोंगड्या गुंडाळून ठेवल्या. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई वावरातून ओरडतच आल्या. फडक्यातून पाणी निथळत होतं.

"बिरोबा पावला गं! नारळ आन!"

मी नारळ आणला. पण माझी नजर वरच्या मोकळ्या कड्याकडे गेली होती.

शाळेत पोचल्या पोचल्या मी पोरांकडून जुन्या धोतराचे सारखे तुकडे करून घेतले. ओढ्यापासून कड्यापर्यंत उतारावर जागोजागी आम्ही ते संध्याकाळी काठ्यांवर बांधले. पलीकडच्या ओहळालाही बांधले, ज्याच्या माथ्यावर एकही घोंगडी नव्हती. सकाळी सगळे तुकडे शाळेच्या तराजूत तोलले. पलीकडच्या ओहळाचे जड. आमच्या उतारावरचे, कड्यापासून ओढ्यापर्यंत, हलके. वर घोंगड्या पुन्हा उभ्या राहिल्या होत्या, आणि आत्याबाईंचं फडकं पुन्हा कोरडं होतं.

मी हर्षदाला फोन केला. ती आधी हसली, मग चिडली, "अक्का, एवढ्याशा घोंगड्यांनी दव कसं संपेल? मी गणित केलंय!" आणि दुसऱ्या दिवशी बॅगभर यंत्रं घेऊन हजर झाली. उजाडताना आम्ही दोघी हरभऱ्याच्या सरीत पालथ्या पडून तिच्या यंत्राच्या पडद्याकडे बघत होतो. आकडे बघता बघता तिचा चेहरा उतरला, आणि मग, मला तिचा राग येईल इतका, उजळला.

"अक्का! ही वाहतेय! हवा वाहतेय!"

"हळू बोल. काय वाहतंय?"

रात्री जमीन आपली ऊब आभाळाकडे सोडते आणि थंड पडते. तिला टेकलेली हवाही थंड होते, जड होते, आणि उतारानं खाली सरकते. सांडलेलं दूध उतार बघून जातं तशीच. हा प्रवाह पुरुषभरही उंच नसतो, पण दव पडतं ते त्याच्यातूनच. तरसवाडीच्या घोंगड्या बरोबर त्याच्या वाटेत उभ्या होत्या. थोड्या असताना त्यांच्या मधून पुरेशी ओली हवा खाली यायची. आता खाली येत होती ती पिळून काढलेली. ती दव तर देत नव्हतीच, उलट जमिनीतली ओल ओढून नेत होती.

"पण साडेचारशेच आहेत ना?" हर्षदा स्वतःशीच म्हणाली.

"त्या पंचायतीच्या," मी म्हटलं. "आहेराच्या किती?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही तशाच गाडीत बसून वर गेलो आणि घरोघर अंगणं बघत निघालो. दोन हजारांनंतर मोजायचं सोडून दिलं. जालिंदरतात्या ओट्यावर चहा पीत बसले होते. हर्षदानं त्यांना विचारलं, या नोंदीत का नाहीत?

"अगं पोरी," तात्या खरोखर चकित झाले होते, "आहेर कुटं मोजायचा असतो व्हय?"

* * *

संक्रांतीला तरसवाडीत ग्रामसभा होती. जिल्ह्याहून अधिकारी येणार होते. कड्यावर दुसरी रांग मंजूर व्हायची होती, आणखी दोन हजार घोंगड्यांची. तिचं सादरीकरण हर्षदाच करणार होती. ठराव झाला की पुढची वीस वर्षं कुणाला हात लावता येणार नव्हता.

आप्पांनी मला आत बोलावलं. मागावर अर्धी घोंगडी होती, तिच्यावर हात ठेवून ते बोलले. "तुजं खरं असंल. पन गावाला सुना आल्यात, नातवंडं आल्यात. साहेबापुढं तू हे बोललीस तर सगळंच बंद करतील. परत टँकर. प्रनाली, माझ्या जल्माचं काम हाय हे. न्हाई बोललीस तर न्हाई का चालनार?"

आप्पांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी निघाले आणि उतारभर रडत आले.

घरी आत्याबाईंना एव्हाना सगळं कळलं होतं. त्या दारातच उभ्या होत्या. "तुज्या माह्येरानं आमचं दव चोरलं!"

मग मात्र माझा ताबा सुटला. "त्यातल्या पाच घोंगड्या तुमच्या आहेत, आत्याबाई. तुम्ही मांडीवर थाप मारून दिल्यात. सात शेजारच्या भाऊंनी दिल्या. अकरा पलीकडच्या आळीनं. माझ्या माहेरानं कशाला चोरायला हवं? करंजओढ्यानं आपलं दव आपल्या हातानं वाजत-गाजत वर पोचवलंय!"

सुयोग हसायला लागला आणि आईचं तोंड बघून थांबला. आत्याबाई मटकन ओट्यावर बसल्या.

"मग आता?" सुयोग म्हणाला. "परत मागायच्या?"

"दिलेला आहेर परत मागतात व्हय?" आत्याबाई कडाडल्या. "तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का? आहेर परत घेत न्हाईत. आहेराला आहेर असतो फकस्त."

मी पदरानं नाक पुसत होते, ती थांबले. "त्यांनी परतीचा आहेर केला का आपल्याला?"

"कुटनं करतील? तवा त्यांच्याकडं हुतं काय?"

मी उठून आत्याबाईंना मिठीच मारली. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

* * *

सभेला करंजओढ्याच्या बायका दोन जीप भरून वर गेलो, वाणाची सुगडं घेऊन. सुगडात बोरं होती, ऊस होता, आणि हरभऱ्याचे घाटे होते. यंदाचे घाटे पोचट होते. मी मुद्दाम तेच घ्यायला सांगितले होते.

मंडपात पुढे अधिकारी, त्यांच्या शेजारी तात्या, पहिल्या रांगेत आप्पा. डावीकडे तरसवाडीच्या नव्या सुना पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या. हर्षदा पडद्यापाशी उभी. तिच्याकडे दुसऱ्या रांगेचं सादरीकरण होतं. ती काय करणार आहे ते मला ठाऊक नव्हतं, रात्री फोनवर तिनं फक्त "बघू" म्हटलं होतं.

तिनं पडद्यावर पहिलंच चित्र लावलं ते माझ्या धोतराच्या तुकड्यांचं.

"दुसरी रांग नको," हर्षदा म्हणाली. "पहिलीच जास्त झालीय. माझं गणित चुकलं नव्हतं, पण मी गणितात लग्नं धरली नव्हती." आणि तिनं सगळं सांगितलं. हवा कशी वाहते, दव कुठं जातं, खालचा शाळू का सुकतोय.

मंडपात एकच गलका उडाला. तात्या उभे राहिले. "वारा काय करंजओढ्याच्या सातबाऱ्यावर चढलाय व्हय? आमच्या कड्यावर आलेली हवा आमची!"

अधिकारी घाबरून म्हणाले, "असं असेल तर चौकशी होईपर्यंत सगळंच थांबवावं लागेल." आप्पांची मान खाली गेली. मला ते पाहवेना. मी उठले.

"काही थांबवू नका साहेब. तात्या, मी तरसवाडीची लेक आहे. इथंच टँकरच्या मागे धावताना माझा गुडघा फुटलाय, खूण दाखवू का?" काही बायका हसल्या. "पाणी बंद करा असं मी म्हणणार नाही. पण या घोंगड्या कुणाच्या आहेत? उताराखालच्या बापांनी आपापल्या लेकींना दिलेल्या आहेत. तुम्ही म्हणालात, आहेर मोजायचा नसतो. बरोबर. मग तो फेडायचा तरी असतो की नाही? आमचा परतीचा आहेर तेवढा राहिलाय. तो द्या."

"काय पायजे तुला?" तात्यांनी सावध होऊन विचारलं.

"रात्र. हरभरा-शाळू उभा असेपर्यंत, एकाआड एक रात्र घोंगड्या गुंडाळा. विहिरीच्या पाण्याची पाळी असते की नाही भावाभावांत? तशी हवेची."

"म्हंजे थंडीभर निम्मं पानी!" मागून कुणी ओरडलं.

"निम्मं नाही!" हर्षदा जवळजवळ उडी मारूनच ओरडली. तिला आत्ता, तिथंच सुचलं होतं, ते तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. "थांबा, थांबा! दव फक्त निरभ्र रात्री पडतं. ढग असले की जमिनीची ऊब वर जात नाही, गोधडीखाली राहावी तशी राहते, आणि दव पडतच नाही. पण घोंगडीला दवाची गरज नाही, तिला नुसती वाफ पुरते! ढगाळ रात्री सगळ्या तुमच्याच. पाळी फक्त निरभ्र रात्रींची. पीक निघालं की पुढं उन्हाळाभर रोज. थंडीत थोडी काटकसर करावी लागेल, हे खरं. टँकर नाही लागणार, हे मी लिहून देते."

कुणाचीच मान होकारार्थी हलली नाही. मिळालेलं पाणी सोडायचं म्हणजे काय, हे तरसवाडीलाच विचारावं. तात्या डोकं खाजवत होते. मी घाबरून सुगडातला एक पोचट घाटा उचलला आणि समोर बसलेल्या स्नेहलच्या हातात ठेवला. तिनं तो फोडला. आत दाणा नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या तिच्या आईकडे.

"हे आपल्या वावरातलं हाय?" तिनं विचारलं. आत्याबाईंनी मान हलवली.

स्नेहल पोराला कडेवर घेऊन उभी राहिली. "तात्या, माज्या दारातल्या पाच मी आजच गुंडाळते. माज्या आईच्या वावराचं पानी मला नगं."

तिच्या शेजारची उठली, "माज्या सात." मग पलीकडची. मग तो सगळा कोपराच उभा राहिला, पोरंबाळं, सुगडं, पदर सावरत, आपापल्या घोंगड्या मोठ्यानं सांगत. ज्यांच्यामुळे गाव भरलं होतं त्या सुना एका बाजूला आणि त्यांचे नवरे हळूहळू त्यांच्यामागे. नवऱ्यांना फारसा पर्याय नव्हता, आणि त्यातल्या निम्म्यांची लग्नं मी जमवलेली होती.

तेवढ्यात आप्पा उठले आणि कुणाशी न बोलता मंडपाबाहेर चालते झाले. मी मागोमाग धावले. ते आमच्या अंगणात पोचले होते आणि ती पहिली घोंगडी, तांब्याभर पाणी देणारी, बांबूवरून सोडवत होते.

"आप्पा..."

"रडू नगंस. ये, ते टोक धर." त्यांनी दुसरं टोक ओढून सरळ केलं. "गुंडाळायची तर नीट गुंडाळायला नगं? ह्या पोरी चुन्या पाडतील आन सगळी वीण बसवतील. घडी न्हाई घालायची. वळकटी करायची, सैल. सांग जा त्यास्नी."

ऊन कलेपर्यंत आप्पा घरोघर फिरून सुनांवर ओरडत होते. कड्याची काळी रांग एका टोकापासून विरत गेली. अधिकाऱ्यांनी वही उघडून विचारलं, ठरावात नेमकं काय लिहू? तात्या वैतागून म्हणाले, "ल्हिवा, परतीचा आहेर."

* * *

सकाळी आम्ही सगळे वावरात होतो. मी, सुयोग, लेक, हर्षदा, अर्धा करंजओढा. आभाळ स्वच्छ होतं. आत्याबाईंनी कुणालाही पुढे येऊ दिलं नाही. त्या एकट्या सरीतून चालत गेल्या तेव्हा त्यांच्या लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत ओला झाला, आणि ते बघूनच मागून कुणीतरी शिट्टी मारली.

त्यांनी फडकं उचललं. ते जड होतं, लोंबत होतं. वाटीवर धरून पिळलं आणि धार लागली. वाटी भरली, मी दुसरी दिली, तीही भरली. हर्षदानं यंत्राकडे पाहिलंही नाही, ती हरभऱ्यात फतकल मारून बसली आणि ओल्या पानांवरून हात फिरवत वेड्यासारखी हसत सुटली. आत्याबाईंनी पहिली वाटी तिच्याच हातात दिली. तिनं घोट घेतला, आंबटपणानं तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "मेंढराचा वास नाही."

तेवढ्यात माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉलवर स्नेहल होती. तिच्यामागे तरसवाडीच्या सुनांचा घोळकाच दिसत होता, सगळ्या एकमेकींच्या खांद्यांवरून डोकावत होत्या.

"वहिनी, आईला दे. लवकर! आई, भिजलं का गं फडकं?"

आत्याबाईंनी फोन दोन्ही ओल्या हातांनी धरला. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, घसा खाकरला, आणि मग, वर कड्यापर्यंत फोनशिवायही ऐकू जावं अशा आवाजात ओरडल्या,

"पोचला गं बायांनो! आहेर पोचला!"